बाजार कुठं भरावा?



गटांच्या बैठकांमधून एक विषय आमच्या कानावर परत परत येतो आहे. तालुक्याच्या गावात आठवडे बाजार आहे. वर्षानुवर्षं तो एसटी स्टँडजवळ किंवा देवळाच्या बाजूच्या मोकळ्या जागेत भरतो. मग एक दिवस बातमी येते की बाजार हलणार. रस्त्यावर गर्दी होते, गाड्या अडकतात, दुकानदार तक्रार करतात, म्हणून गावाबाहेर बायपासला नवीन जागा दिली आहे. तिथं पत्र्याची शेड आहे, सिमेंटचे ओटे आहेत, सगळं छान आहे. आणि पहिल्याच बाजाराला मेथीच्या जुड्या संध्याकाळी तशाच परत घरी येतात, कारण गिऱ्हाईक तिथवर फिरकलेलंच नसतं.

बाजाराची जागा हा प्रश्न काही आजचा नाही. आपल्या आधी कितीतरी पिढ्यांनी त्यावर डोकं चालवलं आहे, भांडणं केली आहेत, पैसा ओतला आहे. म्हणून आज आपण मागं जाऊ या. बाजाराच्या जागा पूर्वी कशा ठरत होत्या, कुणी ठरवल्या, आणि त्यातल्या कुठल्या टिकल्या ते पाहू या. आपल्या बाजाराबद्दल उद्या कुणी विचारलं, तर बोलायला आपल्याकडं काहीतरी धरबंद असावा, एवढाच हेतू.

अगदी जुने आठवडे बाजार पाहिले, तर त्यांची जागा कुणा साहेबानं कागदावर आखलेली नव्हती. जिथं दोन-तीन गाडीवाटा एकत्र येतात, जिथं बैलांना पाणी आहे, माणसांना झाडाची सावली आहे, आणि जिथून दिवस मावळायच्या आत माघारी घरी पोचता येतं, तिथं बाजार भरायचा. नदीचा काठ, गावाची वेस, देवाचं आवार. शेजारशेजारच्या गावांचे वारही वेगळे असायचे. या गावाचा सोमवार, त्याचा बुधवार, पलीकडच्याचा शनिवार. त्यामुळं बांगडीवाला, मिठाचा व्यापारी, कापडवाला फिरत राहायचा आणि प्रत्येक गावाला आठवड्यातून एकदा त्याचा माल मिळायचा. ही सोय आजही कितीतरी तालुक्यांत तशीच चालू आहे.

राज्यकर्त्यांनाही बाजाराची किंमत कळत होती. मराठ्यांच्या काळात नवी पेठ वसवायची असली, की सरकारातून कौल दिला जायचा. म्हणजे जो व्यापारी, जो कारागीर इथं येऊन घर बांधील, दुकान मांडील, त्याला काही वर्षं कर माफ किंवा कमी. पेठेची व्यवस्था बघायला शेटे आणि महाजन हे वतनदार असत. पुण्याच्या पेठा तुम्हाला ठाऊक आहेतच. सोमवार, मंगळवार, बुधवार, शुक्रवार. ही वारांची नावं त्या त्या दिवशी भरणाऱ्या बाजारावरून पडली, असं मानलं जातं. यातली गोष्ट लक्षात ठेवू या. नुसती जागा दाखवली म्हणजे बाजार वसत नाही, हे त्या काळच्या कारभाऱ्यांना पक्कं माहीत होतं. माणसं तिथं यावीत, म्हणून पहिली काही वर्षं त्यांना सवलत द्यावी लागते. आज नव्या जागेत ओटा देताना पहिल्या दिवसापासून पावती फाडली जाते. जुने कारभारी आपल्यापेक्षा शहाणे होते की काय, असं कधी कधी वाटतं.

आता पुण्याच्या भाजीबाजाराकडं वळू या, कारण बाजाराची जागा बदलण्याची गोष्ट तिथं फार नीट दिसते.

दीडशे वर्षांपूर्वी पुण्याची मंडई शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात भरायची. पेशवाई जाऊन खूप वर्षं झाली होती. १८२८ साली लागलेल्या आगीत वाड्याच्या आतल्या इमारती जळून गेल्या होत्या. उरला होता तो तट, मोठा दरवाजा आणि पुढची मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेत आजूबाजूच्या गावांतून आलेले माळी, कुणबी, बागवान माल मांडायचे. डोक्यावर छप्पर नाही. उन्हाळ्यात ऊन, पावसाळ्यात चिखल. ओल्या जमिनीवर गोणपाट अंथरून पालेभाजी मांडायची, आणि सर आली की गोळा करायची. हा अनुभव तुमच्या-आमच्यापैकी कुणाला नवा नाही.

१८८० च्या आसपास पुणे नगरपालिकेत बांधीव मंडईचा विचार सुरू झाला. मुंबईत तशी मंडई आधीच झाली होती. मुंबईचे पहिले महापालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या नावानं ओळखली जाणारी क्रॉफर्ड मार्केटची इमारत १८६९ साली पुरी झाली होती. जुना किल्ल्याचा भाग, म्हणजे फोर्ट, आणि उत्तरेकडची दाट वस्ती यांच्या सांध्यावर ती उभी राहिली. दोन्हीकडचं गिऱ्हाईक मिळेल अशी ती जागा होती. मोठ्या शहराला अशी मंडई हवीच, असं तेव्हाच्या कारभाऱ्यांना वाटू लागलं होतं. स्वच्छता राहते, शिस्त राहते, आणि गाळ्यांचं भाडंही येतं.

पुण्याच्या नगरपालिकेत त्या काळात एक सभासद होते जोतीराव फुले. १८७६ पासून काही वर्षं त्यांनी हे काम केलं. ज्यांच्या घराण्याला फुलांच्या धंद्यावरून आडनाव पडलं, ज्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्या जोतीरावांना शेतमालाचा बाजार ही काय चीज आहे हे कुणी शिकवायची गरज नव्हती. आणि त्यांनीच या मंडईच्या खर्चाला विरोध केला. लाखांच्या घरातला पैसा मोठ्या इमारतीत घालण्याऐवजी तो शिक्षणावर खर्च व्हावा, असं त्यांचं म्हणणं होतं.

इथं आपण थोडं थांबू या. जोतीराव बाजाराच्या विरोधात होते का? नव्हते. त्यांचा प्रश्न असा होता, की हा पैसा लोकांच्या करातून आलेला आहे, तर त्यातून आधी काय व्हायला हवं? आज बाजाराच्या शेडसाठी निधी आला, कमान उभी राहिली, नावाची पाटी लागली, आणि मागं पाण्याचा नळ नाही, बाईला जायला स्वच्छतागृह नाही, असं दिसतं तेव्हा जोतीरावांचा प्रश्न अजून शिळा झालेला नाही, हे कळतं. आणि आणखी एक. त्या सभेत सरकारनं नेमलेली माणसं बसत होती. बाजारात मात्र बायका बसत होत्या, आणि सभेत एकही बाई नव्हती. मैदानातून उठून कुठं जायचं, याबद्दल भाजीवालीला विचारायची तेव्हा रीतच नव्हती.

मंडई झालीच. शुक्रवार पेठेत जागा घेतली गेली. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव देऊन १८८६ साली रे मार्केट सुरू झालं. वासुदेव बापूजी कानिटकर यांनी ती इमारत बांधली. मधे उंच अष्टकोनी मनोरा आणि त्याच्या भोवती सगळ्या दिशांना पसरलेली लांबट दालनं, वर उतरती छपरं, आत हवा आणि उजेड खेळता. पुण्याला गेलात तर ही इमारत आजही बघायला मिळते. पुढं १९३० च्या दशकाच्या अखेरीस आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिचं नाव बदललं आणि महात्मा फुले मंडई असं झालं. ज्यांनी त्या इमारतीला विरोध केला, त्यांचंच नाव तिला लागलं. पुणेकर हे गमतीनं सांगतात. आम्हाला मात्र त्यात गंमत कमी आणि न्याय जास्त वाटतो. भाजीबाजाराला शेतकऱ्यांची बाजू मांडणाऱ्याचं नाव असावं, यात वावगं काय?

पण आपला मुद्दा नावाचा नाही, जागेचा आहे. ही जागा टिकली का? टिकली. सव्वाशेहून अधिक वर्षं टिकली. का टिकली, ते बघू या.

पहिलं कारण, ती फार लांब गेली नाही. शनिवारवाड्यापासून ती चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे. ज्या घरांना जुन्या बाजाराची सवय होती, त्यांना नवा बाजार पायी गाठता येत होता. रोज भाजी घेणारं गिऱ्हाईक चालत येतं. त्याच्या पायाला जिथवर जाणं जमतं, तिथवरच आपला बाजार.

दुसरं कारण, वस्तीच्या मधोमध आली. नकाशा डोळ्यांपुढं आणा. शनिवारवाडा मुठा नदीपासून जवळ. नदीच्या पलीकडं त्या काळी भांबुर्डे गाव, मळे आणि शेतं. म्हणजे एका बाजूनं गिऱ्हाईक कमीच. शुक्रवार पेठेतल्या जागेला मात्र चारी बाजूंनी पेठा. घरातून निघालेली बाई कुठल्याही दिशेनं आली तरी पोचते. बाजाराला चारी वाटा उघड्या असाव्या लागतात. एका बाजूला नदी, रेल्वेचा रूळ किंवा मोठा हमरस्ता आला, की तेवढी गिऱ्हाइकं तुटतात. आज बायपासच्या पलीकडं बाजार नेतात तेव्हा हेच होतं. भरधाव गाड्यांमधून पोराला कडेवर घेऊन रस्ता ओलांडायला कोण येणार?

तिसरं कारण, शेजार चांगला मिळाला. जवळच तुळशीबाग. तिथं पेशवाईच्या काळापासूनचं राममंदिर, आणि भोवती बायकांच्या गरजेच्या वस्तूंची दुकानं वाढत गेली. बांगड्या, भांडी, पूजेचं सामान. भाजीला आलेली बाई तिकडं वळते, तिकडं आलेली बाई भाजी घेऊन जाते. एका फेरीत चार कामं होतात, तिथंच बायका जातात, कारण बायकांना वेळच मोजून मिळतो. बाजार एकटा ठेवला तर वाळतो.

चौथं कारण जरा वेगळं आहे. बरीच वर्षं त्या मनोऱ्यातच नगरपालिकेची कचेरी होती. वर कारभारी बसायचे आणि खाली भाजीवाले. गाऱ्हाणं सांगायला लांब जायला नको, आणि कचरा उचलला नाही तर त्याचा वास आधी कारभाऱ्यांच्या नाकात. तिथल्या आवारात १९२४ साली लोकमान्य टिळकांचा पुतळा उभा राहिला. सभा, चर्चा, निवडणुकीची गणितं, सगळं तिथं रंगायचं. इतकं, की लोक त्याला मंडई विद्यापीठ म्हणू लागले. बाजार लोकांच्या डोळ्यांसमोर असला, की बाजारात बसणाऱ्यांचा आवाजही ऐकू जातो. गावाबाहेर गेला, की आवाजही गावाबाहेर.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. मंडई टिकली, पण सगळी टिकली नाही. पुण्याची वस्ती वाढली, भाजीच्या गाड्या बैलगाडीच्या ट्रक झाल्या. पुरंदर, हवेली, जुन्नर, पार लांबून माल येऊ लागला. पेठेतल्या अरुंद गल्लीत ट्रक वळेना. मग घाऊक बाजार तिथून उठला आणि गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. किरकोळ विक्री मंडईतच राहिली. मुंबईतही तसंच झालं. १९९० च्या दशकात फळं-भाज्यांचा घाऊक बाजार शहरातून नवी मुंबईत वाशीला गेला, आणि क्रॉफर्ड मार्केटचं किरकोळ दुकान चालू राहिलं.

यातून एक धडा स्पष्ट निघतो, आणि आमच्या मते तो सगळ्यांत महत्त्वाचा आहे. घाऊक बाजाराला एक जागा लागते आणि किरकोळ बाजाराला दुसरी. घाऊक माल ट्रकनं येतो, त्याला रुंद रस्ता, गाडी लावायला जागा, गोदाम, वजनकाटा हवा. तो गावाबाहेर गेला तरी चालतो, कारण व्यापारी गाडी घेऊन येतो. पाटीत माल घेऊन बसणाऱ्या बाईचं गिऱ्हाईक पिशवी घेऊन चालत येतं. तिला वस्तीत, रहदारीच्या वाटेवर, स्टँडच्या जवळ जागा हवी. आपल्याकडं बाजार हलवताना हा फरक केला जात नाही. आडत्याच्या सोयीची जागा दोघांना दिली जाते, आणि मग बसकी बाई मोडते.

घाऊक बाजारासाठी जागा विचारानं निवडल्याचं एक चांगलं उदाहरण कोल्हापूरचं आहे. १८९१ साली मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८९५ साली, शाहू महाराजांनी स्टेशनाजवळ शाहूपुरी ही पेठ वसवली आणि गुळाचा व्यापार तिथं आणला. गूळ जड, ढेपा लांब पाठवायच्या, मग रेल्वेच्या शेजारी बाजार असणं किती सोयीचं! तिथून कोल्हापुरी गुळाचं नाव देशभर झालं. माल कुठला आणि कशानं जाणार, हे आधी पाहिलं आणि जागा मग ठरवली.

लातूरची गंजगोलाई पाहिलीत का? निजामाच्या राज्यात, १९१७ च्या सुमारास ती आखली गेली. मधे गोल इमारत, आत अंबाबाईचं देऊळ, आणि त्या गोलाईतून सोळा रस्ते फुटतात. एकेका रस्त्यावर एकेका मालाचा बाजार. कुणीही, कुठल्याही दिशेनं शहरात आलं, तरी पावलं आपोआप गोलाईकडं वळतात. चारी वाटा उघड्या हव्यात असं आम्ही मघाशी म्हटलं, इथं तर सोळा आहेत.

आणि विदर्भातलं कारंजा. १८८६ साली, म्हणजे पुण्याची मंडई सुरू झाली त्याच वर्षी, कारंजाला कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातल्या पहिल्या नियंत्रित बाजारांत त्याचं नाव घेतात. पुढं १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदाही झाला. आजच्या बाजार समित्यांची मुळं तिथवर जातात. पण त्या कायद्यांमागं इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस नीट मिळावा, हाही हिशेब होता. बाजाराला शिस्त लावणारा ती कुणासाठी लावतो आहे, हे प्रत्येक वेळी विचारायला हवं.

आतापर्यंतच्या सगळ्या गोष्टींत जागा ठरवणारे पुरुष होते. गव्हर्नर, आयुक्त, महाराज, सभासद. आता एक बाजार असा सांगतो जो बायकांचा आहे. तो महाराष्ट्रापासून फार लांब, मणिपूरच्या इंफाळ शहरात आहे. त्याचं नाव इमा कैथेल. इमा म्हणजे आई, कैथेल म्हणजे बाजार. आयांचा बाजार. तिथं विक्रीला फक्त बायका बसतात. हजारोंच्या संख्येनं. भाजी, मासे, तांदूळ, हातमागाचं कापड. आईची जागा पुढं लेकीला किंवा सुनेला मिळते.

हा बाजार शहराच्या अगदी मध्यात, जुन्या राजवाड्याच्या म्हणजे कांगला किल्ल्याच्या जवळ आहे. पूर्वी मणिपूरच्या पुरुषांना राजाच्या कामासाठी वारंवार घर सोडून जावं लागायचं. मग शेती आणि बाजार बायकांच्या हाती राहिला. पण नुसता हाती राहिला असं नाही, त्यांनी तो हातात धरला. १९०४ साली इंग्रज अधिकाऱ्याचा जळालेला बंगला बांधायला तिथल्या पुरुषांनी वेठीनं राबावं, असा हुकूम निघाला, तेव्हा बाजारातल्या बायका रस्त्यावर उतरल्या. १९३९ साली पुन्हा. त्या वर्षी तांदूळ बाहेर पाठवला जात होता आणि घरात खायला धान्य नव्हतं. १२ डिसेंबरला बायकांनी दरबाराला जाऊन जाब विचारला. पुढं कितीतरी महिने त्यांनी बाजारच बंद ठेवला. मणिपूरमध्ये या लढ्याला नुपी लान, म्हणजे बायकांची लढाई, असं म्हणतात आणि दर वर्षी १२ डिसेंबरला त्याची आठवण काढतात.

विचार करा, हाच बाजार शहरापासून चार मैल लांब माळरानावर असता, तर? बायका बोलल्या असत्या, पण ऐकलं कुणी असतं? कचेरीपासून जवळ, शहराच्या काळजात बसल्यामुळं त्यांना एकमेकींची ताकद कळली आणि राज्यालाही कळली. बाजार ही पैसा मिळवायची जागा तर आहेच. बायकांनी एकत्र बसायची, बातमी कळायची, सल्ला मिळायचीही ती जागा आहे. आपल्या कितीतरी गटांची सुरुवात अशीच बाजाराच्या कडेला बसून झालेल्या बोलण्यातून झाली आहे.

आता परत आपल्या तालुक्यात येऊ. इथं आठवडे बाजाराची जागा ठरवणारी एक गोष्ट इतिहासात उशिरा आली, ती म्हणजे एसटी. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर अशी पहिली गाडी धावली. त्यानंतर गावोगाव स्टँड झाले आणि बाजार हळूहळू स्टँडकडं सरकत गेले. बैलाच्या पाण्याची जागा स्टँडनं घेतली म्हणा. २०२३ च्या मार्चपासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट झालं. ही सवलत आपल्या धंद्याला फार मोलाची आहे. पण बाजार स्टँडपासून दोन किलोमीटर लांब गेला, तर काय होतं? समजा, रिक्षाला जाताना पाटी-पोत्यासकट चाळीस रुपये आणि येताना वीस. आठवड्याला साठ. वर्षाचे बावन्न बाजार धरले तर ३,१२० रुपये. ही कमाई नाही, नुसती जागा बदलल्याची किंमत आहे. आणि ती नगरपंचायतीच्या कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही, कारण ती आपल्या कनवटीतून जाते. शिवाय शेवटची गाडी गाठायची म्हणून तासभर आधी उठावं लागलं, तर उरलेला माल मिळेल त्या भावात द्यावा लागतो, ते वेगळंच.

मग आपण काय करायचं? इतिहासात जोतीरावांनी सभेत बसून विचारलं. इंफाळच्या बायकांनी रस्त्यावर येऊन विचारलं. आपल्या हातात आज एक कायदाही आहे. २०१४ साली पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा कायदा झाला. तो शहरांना, नगरपालिका-नगरपंचायतींना लागू आहे. त्यातल्या चार गोष्टी पाठ करून ठेवाव्यात अशा आहेत.

एक, प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती असायला हवी. तिच्यात किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले, आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका. दोन, दर पाच वर्षांनी विक्रेत्यांचं सर्वेक्षण व्हायला हवं. आपलं नाव त्यात आहे का, हे बघायची जबाबदारी आपली. तीन, हलवायचंच असेल तर ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, आणि हलवणं शक्यतो टाळावं असं कायदाच सांगतो. चार, जिथं पन्नास वर्षांहून जास्त काळ बाजार भरतो आहे, तो वारसा बाजार मानावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असंही त्यात आहे. आता तुमचा बाजार किती वर्षांचा आहे, हे सांगणारा कागद कुणाकडं आहे? जुन्या पावत्या, लिलावाचे कागद, एखादा जुना फोटो, म्हाताऱ्या आज्जीची साक्ष. हे सगळं गोळा करायला आजपासून सुरुवात करा. इतिहास म्हणजे राजेरजवाड्यांचाच असं नाही. सासूबाईंच्या पेटीत सापडलेली बाजाराची पावती हाही इतिहास आहे, आणि कधी कधी तो जागा वाचवतो.

बाजार गावचा असेल, तर हा कायदा तिथं चालत नाही, तिथं ग्रामपंचायतीचा ठराव चालतो. मग ग्रामसभेच्या आधीच्या महिला सभेत हा विषय मांडा. पंचायतीत निम्म्या जागा आता बायकांच्या आहेत. जोतीरावांच्या सभेत नव्हती ती बाई आज खुर्चीवर आहे. तिला आधी भेटा.

आणि नव्या जागेला नुसतं नाही म्हणू नका. कधी कधी जुनी जागा खरंच अपुरी पडते, रस्त्यावर अपघात होतात, तेही बायकापोरांचेच होतात. पुण्याची मंडई चिखलातून उठून छपराखाली गेली, हे वाईट झालं नाही. म्हणून जागा मोजायला शिका. गटातल्या चौघीजणी मिळून एका बाजारच्या दिवशी हे करा. डोक्यावर पाटी घेऊन स्टँडपासून नव्या जागेपर्यंत चालत जा आणि किती मिनिटं लागली ते लिहा. तासाभरात त्या रस्त्यानं पिशवी घेऊन जाणाऱ्या किती बायका दिसल्या, ते मोजा. पिण्याचं पाणी कुठं, स्वच्छतागृह कुठं, त्याला कडी आहे का, ते बघा. दिवसभर पाणी न पिता बसणाऱ्या बाया आपल्यात किती आहेत, ते आपल्याला सांगायला नको. दुपारी तीनला सावली कुठं पडते, पावसाचं पाणी कुठं साचतं, अंधार पडल्यावर दिवा लागतो का, तेही लिहा. ओट्याचं भाडं किती आणि पहिलं वर्षभर ते माफ होणार का, हेही विचारा. मागं कौलाची रीत सांगितली ना, तिची आठवण करून द्या.

एवढं एका कागदावर उतरवलं, खाली पन्नास जणींच्या सह्या आणि अंगठे घेतले, की तो कागद घेऊन नगरपंचायतीत जा आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

येत्या बैठकीत हे सगळ्या मिळून वाचा, आणि तुमचा बाजार किती वर्षांपासून कुठं भरतो, आधी तो कुठं होता आणि का हलला, हे गावातल्या सगळ्यांत वयस्कर भाजीवालीला विचारा. ती सांगेल ते लिहून आमच्याकडं पाठवा. पुढच्या भागात आपण ते तिच्याच शब्दांत सगळ्यांना ऐकवू.